माणदेशातील मांसविषयक शब्द : प्रत आणि वाटा

अमेरिकेच्या कृषिखात्याने १९२७ साली सुरू केलेल्या गोमांसाच्या प्रतवारीत मुख्यतः दोन गोष्टी पाहिल्या जातात : स्नायूंत विखुरलेली चरबी आणि जनावराचे वय. वयाचे अनुमान पूर्वी हाडांवरून होत असे; २०१७ च्या अखेरीपासून दातांचा पुरावाही ग्राह्य धरण्यात आला. माणदेशातील जनावरांचा बाजार ज्यांनी पाहिला आहे, त्यांना याची मौज वाटेल. खरसुंडीच्या यात्रेत गिऱ्हाईक खिल्लार खोंडाचे तोंड उघडून दात पाहते, आणि आदत, दोनदाती, चौदाती, सहादाती, जुळलेला ही परिभाषा तेथे गुराख्याच्या पोरासही अवगत असते. मात्र तिकडे दात मांसाच्या कोवळेपणाची साक्ष देतात. इकडे अजून किती वर्षे काम निघेल, याची.

खिल्लार हे ओढकामाचे जनावर होय. आटपाडी महाल आणि म्हसवड या त्याच्या प्रकारांची नावेही याच मुलखातील आहेत. मांसासाठी त्याची जोपासना झाली नाही. जनावर थकले वा मेले म्हणजे त्याच्या मांसाचा प्रश्न येई. त्यामुळे येथे मांसाला प्रत नव्हती, वाटा होता. मेलेले ढोर गावाबाहेर ओढून नेणे हे महारांचे गावकाम, आणि त्याचे मांस व कातडे यांवरील हक्क हा त्याचा मोबदला समजला जाई. कष्ट आणि विटाळ एकाच्या माथी मारून त्यास 'हक्क' म्हणावयाचे, ही शब्दयोजना अभ्यासकाने सहज ओलांडून जाऊ नये. या गावकामाच्या जगाचे दर्शन आटपाडीच्या शंकरराव खरातांच्या 'तराळ-अंतराळ'मध्ये घडते.

एकदम मिळालेले मांस टिकविण्याची विद्या याच परिस्थितीतून आली. मांसाच्या लांब पट्ट्या कापून त्या दोरीवर उन्हात वाळवीत. त्या म्हणजे 'चान्या'. टंचाईच्या दिवसांत त्या कालवणात शिजवीत वा निखाऱ्यावर भाजीत. मराठवाड्यातील महार-मांगांच्या अशा अन्नाची सविस्तर नोंद शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या ग्रंथात केली आहे.

योगायोग असा, की १९२७ सालच्याच मार्चमध्ये महाड येथील परिषदेत डॉ. आंबेडकरांनी मृत जनावरांचे मांस सोडण्याचे आवाहन केले. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाववतनेही रद्द ठरली. अन्न सुटले, तसे त्याचे शब्दही अनेक घरांत बोलेनासे झाले. हे मौन स्वाभिमानाचे आहे. त्यास विस्मरण समजणे चूक ठरेल, आणि शब्दसंग्रहाच्या हौसेने ते मोडू पाहणे त्याहून मोठी चूक.

खाटकाच्या दुकानातील शब्द निराळ्या वाटेने आले. सीना, गर्दन, गुर्दा हे फारसीतून. चाप आणि खुद्द मटण हे इंग्रजीतून. इंग्रजीत मेंढीच्या मांसाचा वाचक असलेला हा शब्द मराठीत बोकडालाही लागला. त्यातूनच 'मोठ्याचे मटण' असा आडवळणाचा प्रयोग रूढ झाला. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गाईची कत्तल निषिद्ध झाली. २०१५ च्या दुरुस्तीने बैल आणि वळूही त्यात आले. म्हैसवर्ग मात्र या बंदीबाहेर राहिला. तेव्हा 'मोठ्याचे' हा शब्द तोच असला, तरी राज्यातील कायदेशीर दुकानात त्याचा अर्थ आता म्हशी-रेड्यापुरताच उरला आहे.