हँडलाखालचा सांधा आणि त्याच्या मापांचा जाबता

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 साली बेळगावात ज्या दुकानाने आपल्या उद्योगाचा पाया घातला, ते दुकान सायकलींचे होते. लोखंडी नांगर मागाहून आला. त्यांची किर्लोस्करवाडी ज्या पुणे-मिरज लोहमार्गावर वसली त्याच मार्गावर आमचे कोरेगाव आहे, आणि धनजीशा कूपरांचा कारखाना तर याच तालुक्यात, सातारारोडला उभा राहिला. सुतासुताचा हिशेब ठेवणाऱ्या कारागिरांच्या या मुलखातही सायकलचा हेडसेट, म्हणजे हँडल आणि पुढचा चिमटा यांना फ्रेमच्या पुढच्या आखूड नळीत फिरते ठेवणारी कप, कोन व छर्रे यांची जोडणी, निव्वळ नजरेच्या अंदाजाने खरीदली जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

सर्वांत रूढ समज असा की, 'एक इंची' हेडसेट कोणत्याही साध्या सायकलीला चालतो. वस्तुतः एक इंच, म्हणजे 25.4 मिलिमीटर, हा केवळ चिमट्याच्या उभ्या नळीचा व्यास होय. फ्रेमीत ठोकून बसवायचा कप आंतरराष्ट्रीय प्रमाणानुसार 30.2 मिलिमीटरचा आणि चिमट्यावरची कोनाची बैठक 26.4 ची असते. जपानी प्रमाणात हीच मापे अनुक्रमे 30.0 आणि 27.0 अशी आहेत. 27.0 चा कोन 26.4 च्या बैठकीवर डुगडुगतो, आणि उलट 26.4 चा कोन 27.0 च्या बैठकीवर उतरतच नाही. शिवाय बहुतेक नळ्यांवर इंचाला 24 आटे असले, तरी नॉटिंगहॅमच्या रॅले कंपनीने आपल्या सायकलींना दीर्घकाळ 26 आटे ठेवले होते. अशा नळीवर 24 आट्यांचा नट पाना लावून जबरीने फिरवला, तर नट आणि नळी या दोहोंचेही आटे झडतात.

हँडल सरळ रेषेत येताच 'खट्' करून अडकू लागले की छर्रे बदलून ग्रीस भरण्याचा रिवाज आहे. पुढचे चाक उचलून हँडल हलकेच डावी-उजवीकडे फिरवावे, म्हणजे हा अडथळा बोटांना स्पष्ट जाणवतो. कप उतरवून पुसला, तर त्याच्या चकाकत्या वर्तुळावर समान अंतराने पडलेले खळगे डोळ्यांनाही दिसतात. सायकल बहुतांशी सरळच चालत असल्यामुळे छर्रे त्याच त्या जागी थरथरत राहतात, त्यांच्याखालचे ग्रीस बाजूला सरते आणि पोलाद झिजते. नवे छर्रे पुन्हा त्याच खळग्यांत जाऊन बसणार, म्हणून कप आणि कोन बदलल्यावाचून तरणोपाय नाही. नट आणखी आवळणे तर सर्वस्वी अपायकारक, कारण वाढत्या दाबाने झीज वाढतेच. हेडसेट सैल आहे की काय, हे पाहण्यासाठी पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवावी.

अलीकडच्या बहुतेक गिअरच्या सायकलींत उभ्या नळीला आटेच नसतात. तिच्या माथ्यावरील टोपणाचा स्क्रू हँडल धरून ठेवतो, ही कल्पना चुकीची आहे: तो केवळ बेअरिंगवरचा दाब ठरवतो, हँडल धरतात ते स्टेमच्या, म्हणजे हँडल नळीला जोडणाऱ्या तुकड्याच्या, बाजूचे स्क्रू. म्हणून ते आधी सैल करावेत, मग टोपणाने दाब साधावा आणि शेवटी बाजूचे स्क्रू आवळावेत.

या सायकलींत नळी बहुधा एक इंच एक सुताची, म्हणजे 28.6 मिलिमीटरची असते. पण ती खाली दीड इंचापर्यंत रुंदावत गेलेली असल्यास वरचा आणि खालचा भाग स्वतंत्रपणे मोजून मागवावा लागतो. जेथे बेअरिंग थेट फ्रेमीत बसते तेथे 41.0 आणि 41.8 ही दोन निरनिराळी मापे होत, आणि व्यास जुळला तरी उताराचा कोन 36 अंशांचा की 45 चा, हे बेअरिंगवर बहुधा कोरलेले असते, तेही वाचावे.

सुटा भाग कोरेगावात न मिळून साताऱ्याहून मागवायचा झाल्यास जुने कप व कोन सोबत पाठवावेत आणि चिठ्ठीवर व्हर्निअरने घेतलेल्या वरच्या व खालच्या मापांबरोबर जुन्या जोडणीची एकूण उंचीही नोंदवावी. कारण नवा हेडसेट दोन-तीन मिलिमीटरांनी उंच निघाला, तर आट्यांच्या नळीवर वरच्या नटाला पुरेशी पकड उरत नाही.