अर्ध्यावर थांबलेली कशाभिका

क्लॅमिडोमोनास हे एकपेशीय हिरवं शैवाल. त्याला दोन कशाभिका (फ्लॅजेला) असतात, प्रत्येकी साधारण १०–१२ मायक्रोमीटर लांब. माध्यमात ॲसेटिक ॲसिड घालून सामू ४.५ च्या आसपास आणला की पेशी दोन्ही झटकून टाकते. सामू लगेच पूर्ववत केला तर पेशी मरत नाही आणि दीड-दोन तासांत कशाभिका पुन्हा जवळपास पूर्ण वाढतात.

मग हा माल येतो कुठून? प्रथिनं नव्यानं बनतात, की आधीच साठवलेली असतात?

१९६९ मध्ये रोझेनबॉम, मोल्डर आणि रिंगो यांनी रायबोसोमवरचं प्रथिननिर्मितीचं काम रोखणारं सायक्लोहेक्सिमाइड वापरलं. कशाभिका उगवल्या, पण पूर्ण लांबी गाठण्याच्या बऱ्याच आधी थांबल्या. म्हणजे साठा आहे, पण पुरेसा नाही.

इथे जरा थांबा. मुलाखतीत हमखास विचारतात: औषधानं काम अर्धवटच केलं असेल तर? म्हणून लेबल केलेलं अमिनो आम्ल प्रथिनांत किती शिरतं, हे वेगळं मोजावंच लागतं. दुसरी शंका जास्त अवघड आहे. औषधानं प्रथिनं जोडणारी यंत्रणाच बिघडवली नसेल कशावरून?

याचं उत्तर त्याच पेपरमध्ये आहे, आणि मला तरी तोच भाग सगळ्यात आवडतो. दोनपैकी एकच कशाभिका तोडली, तर शाबूत असलेली आखूड होत जाते आणि तुटलेली वाढते. दोघींची लांबी सारखी झाली की मग दोघी मिळून पूर्ण वाढतात. सायक्लोहेक्सिमाइड असताना त्या सारख्या होतात, पण पुढे सरकत नाहीत. म्हणजे जोडणी चालू आहे, तुटवडा मालाचा आहे!

एरवी हा तुटवडा पेशी भरून काढते: कशाभिका गेल्यावर ट्यूब्युलिनसारख्या प्रथिनांचे एमआरएनए झपाट्यानं वाढतात.

पण ‘जेवढी लांबी, तेवढाच सगळ्या प्रथिनांचा साठा’ असं लिहू नका. कशाभिकेत शेकडो प्रथिनं असतात. दारं दहा असली आणि बिजागऱ्या पाचच दारांपुरत्या असल्या, तर पाचच दारं बसणार. पेशीत ही बिजागरी कोणती, हे लांबीचा आलेख सांगत नाही. त्यासाठी कोणतं प्रथिन नव्यानं बनलं आणि कोणतं जुन्या साठ्यातून आलं, हे एकेका प्रथिनाचं लेबल मोजूनच ठरवावं लागतं.