दिवा धरलेली ती कोण?

युरोपीय प्रबोधनकाळातील स्त्रीचित्रांचा विषय निघाला की गाडी हमखास मोनालिसाच्या स्मितापाशी येऊन थांबते. त्या स्मितात कुणाला गूढ दिसले, कुणाला शोक. कुणी तर ते लिओनार्दोचेच स्त्रीरूप ठरवून मोकळे झाले. वास्तविक ती फ्लॉरेन्समधील रेशमाच्या व्यापाऱ्याची पत्नी लिसा, असे वासारीने १५५० सालीच लिहून ठेवले होते. हायडेलबर्गच्या ग्रंथालयातील एका जुन्या ग्रंथाच्या समासात १५०३ सालची नोंद २००५ मध्ये सापडली, तिनेही तेच सांगितले. तरी तर्कांना खळ नाही!

मला वाटते, याचे कारण चित्रात नसून पाहणाऱ्यात आहे. पुरुषाच्या चित्रापुढे आपण 'हा कोण?' असे विचारतो. स्त्रीच्या चित्रापुढे 'ही कशाचे प्रतीक?' असे. गणेशपुरीत नित्यानंद बाबांच्या छब्या ठायी ठायी दिसतात. लंगोटी नेसलेली ती सावळी मूर्ती कशाचे प्रतीक, हा प्रश्न कुणाला पडत नाही. ते बाबा आहेत, बस्स!

आपल्याकडचे बोलके उदाहरण म्हणजे सावंतवाडीचे सुपुत्र सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचे, म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील, 'ग्लो ऑफ होप'. एका हाती दिवा, दुसऱ्या हाताचा आडोसा, आणि बोटांमधून झिरपणारा तांबूस उजेड. हे चित्र रविवर्म्याचे, असे अजूनही कितीतरी जण ठामपणे सांगतात. रविवर्मा १९०६ मध्ये निवर्तले. हे चित्र १९४५-४६ च्या सुमाराचे. शिवाय रविवर्म्याची ख्याती तैलरंगांची, आणि हे आहे जलरंगात. हा भेद किरकोळ नव्हे. तैलरंगात उजेड शेवटी वरून चढविता येतो. पारदर्शक जलरंगात उजेड म्हणजे न रंगविलेला कागद. तो आधीपासून राखावा लागतो, एकदा गेला की गेला. अंधारात लावलेली ज्योत अशा माध्यमात रंगवायला घेणे हे धाडसच! म्हणून मी या चित्राचा खरा विषय आशा नव्हे, तर उजेड मानतो.

मग ती स्त्री? लिओनार्दोच्या जिनेव्रा दे बेंचीमागे जुनिपरचे झुडूप आहे. इटालियन भाषेत त्याला जिनेप्रो म्हणतात. म्हणजे नाव चित्रातच गुंफलेले. हळदणकरांच्या चित्रात अशी खूण नाही. अंधाऱ्या पार्श्वभूमीवर एकटी स्त्री, आणि शीर्षकात 'आशा'. साहजिकच ती भारतीय स्त्रीत्वाची प्रतिमा होऊन बसली. प्रत्यक्षात ती चित्रकाराची कन्या, गीता उपळेकर. २०१८ साली कोल्हापूर येथे वयाच्या १०२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले, तेव्हा कुठे अनेकांना हे नाव कळले.

या चित्रासाठी वडिलांपुढे त्या सुमारे तीन तास उभ्या होत्या म्हणतात. दिवा धरून तीन तास! त्या चित्रातल्या मनगटाकडे पाहताना मला आशेपेक्षा हेच अधिक आठवते.