पाच फूट पाच इंच

शंभर-शंभर किलोचे गडी जिथे अंगावर धावून येतात, त्या रग्बी लीगमध्ये रॉब बरोची उंची होती पाच फूट पाच इंच. या खेळाची अव्वल स्पर्धा सुपर लीग; ‘सुपर लीगमधला सर्वांत बुटका खेळाडू’ ही ओळख त्याला सुरुवातीलाच चिकटली. 1982 साली पाँटफ्रॅक्टला जन्मलेला हा मुलगा वाढला कॅसलफर्डमध्ये, यॉर्कशायरच्या कोळसापट्ट्यात. हा खेळच मुळी कामगारांचा. शनिवारी खेळायला गेलं की खाणीतला, गिरणीतला रोज बुडायचा. त्याची भरपाई द्यायला रग्बीचे धुरीण तयार होईनात, म्हणून 1895 मध्ये हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडच्या क्लबांनी वेगळी चूल मांडली; तीच ही रग्बी लीग.

लीड्स ऱ्हायनोजकडून बरो 2001 मध्ये पहिल्यांदा उतरला आणि 2017 मध्ये निवृत्त होईपर्यंत त्याच क्लबचा राहिला. 492 सामने, सुपर लीगच्या अंतिम सामन्यांत, म्हणजे ग्रँड फायनलमध्ये, आठ विजय.

त्यातली 2011ची, ओल्ड ट्रॅफर्डवरची, मी कितीदा पाहिली असेल! साखळीत पाचवं आलेलं लीड्स, समोर सेंट हेलेन्स. बरो राखीव खेळाडू. पूर्वार्धात मैदानाच्या मध्याजवळ त्याच्या हाती चेंडू आला. बचावपटू कवळ घालायला झेपावला, तर हा त्याच्या हाताखालून निसटला. मग उरलेल्यांना झुकांडी देत सरळ गोलरेषेपार. ‘उंची कमी असूनही’ असं त्याच्याबद्दल सर्रास लिहिलं जातं. मला ते मुळीच पटत नाही. त्या हाताखालून उंच माणूस गेलाच नसता! लीड्स 32-16 जिंकलं, सामनावीराचा हॅरी संडरलँड करंडक बरोला मिळाला. 2007 मध्येही तो त्यालाच मिळाला होता.

डिसेंबर 2019 मध्ये त्याला मोटर न्यूरॉन आजाराचं निदान झालं. स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशीच यात मरत जातात. आधी हातापायांतलं बळ गेलं, मग वाचा. डोळ्यांच्या हालचालींवर चालणारा संगणक त्याच्यासाठी बोलू लागला. तीन लहान मुलांचा हा बाप आपलं खंगणं कॅमेऱ्यासमोर उघड दाखवत राहिला, या आजाराकडे लोकांनी पाहावं म्हणून.

त्याचा जुना कर्णधार केविन सिनफील्ड त्याच्यासाठी धावू लागला. 2020 मध्ये सात दिवसांत सात मॅरेथॉन, कारण बरोच्या पाठीवरचा आकडा सात. मे 2023 मध्ये बरोच्याच नावाने लीड्समध्ये मॅरेथॉन झाली. सिनफील्डने त्याला चाकांच्या खुर्चीतून ढकलत 26 मैल नेलं. शेवटची रेषा जवळ येताच तो थांबला, वाकला, मित्राला दोन्ही हातांवर उचललं आणि तसाच रेषेपलीकडे चालत गेला. तिथे त्याने बरोच्या गालाचा मुका घेतला.

2 जून 2024 रोजी बरो गेला, वयाच्या 41व्या वर्षी. लीड्सच्या सीक्रॉफ्ट रुग्णालयाच्या आवारात त्याच्या नावाने उभ्या राहणाऱ्या उपचार केंद्राचं भूमिपूजन दुसऱ्याच दिवशी ठरलेलं होतं. ते पुढे ढकललं नाही. 3 जूनला तिथे पहिली माती उकरली गेली.