भंडारदऱ्याच्या कातळात सोने का नाही?

कर्नाटकातील कोलारच्या खाणींतून सुमारे १२० वर्षांत ८०० टनांच्या आसपास सोने निघाले. ज्या खडकातून ते निघाले, तो मुळात लाव्हाच. भंडारदऱ्याचे डोंगरही लाव्हाचेच. तरी सोन्याची वसाहत कोलारला वसली, भंडारदऱ्याच्या अकोले तालुक्यात नाही. कारण प्रश्न खडकाच्या जातीचा नाही, त्याने पुढे काय सोसले याचा आहे. साध्या बेसाल्टमध्ये टनामागे काही मिलिग्रॅमच सोने असते, खाण चालायला काही ग्रॅम लागते. ही हजारपट साठवण कोलारला तप्त पाण्याने केली. तिथला सुमारे २७० कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा खोल गाडला गेला, चेपला, भेगाळला. भेगांतून चढणाऱ्या पाण्याने विरघळलेले सोने गारगोटीच्या अरुंद शिरांत आणून सोडले. सह्याद्रीचा लाव्हा जेमतेम ६.६ कोटी वर्षांचा, त्याचे थर अजून जवळजवळ आडवे. आपल्या कातळातही गारगोटी आणि झिओलाइट सापडतात, तेही पाण्यानेच घडवलेले, असा आक्षेप कुणी घेईल. तो रास्त आहे. पण हे पाणी त्या मानाने उथळ थरांत, कमी तापमानाला फिरले. नुसती गारगोटी दिसली म्हणून सोने असेल, असे म्हणता येत नाही.

कोलारच्या वसाहतीचा शेवटही टनामागे किती ग्रॅम, याच हिशेबाने झाला. १८८० साली जॉन टेलर अँड सन्स या ब्रिटिश कंपनीने तिथे काम हाती घेतले. १९०२मध्ये कावेरीवरच्या शिवनसमुद्रमहून वीज आली. तमिळ आणि तेलुगू मजुरांच्या पिढ्या तीन किलोमीटरहून खोल उतरल्या. तिथली उष्णता आणि अचानक फुटणारा खडक यांनी कितीतरी जीव घेतले. त्याच खोलीमुळे १९६५ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेला परदेशी सहकाऱ्यांसह वातावरणातले न्यूट्रिनो टिपता आले, हेही विसरता कामा नये. पण सुरुवातीला टनामागे चाळीस ग्रॅमच्या पुढे असलेले सोने शेवटी तीनेक ग्रॅमवर आले, आणि २८ फेब्रुवारी २००१ रोजी खाण बंद झाली. सोने संपले नव्हते, कारभार बिघडला होता, असे तिथले कामगार म्हणतात. कारभाराला मीही दोषमुक्त करणार नाही. हजारो कुटुंबांची सोय न लावता टाळे लावणे अन्यायच होता. पण चांगल्या कारभारानेही शिरेतले प्रमाण वाढले नसते. पाणी उपसण्याचा आणि दगड वर आणण्याचा खर्च मात्र खोलीगणिक वाढतच गेला. आता वस्तीलगत सायनाइड प्रक्रियेतून उरलेल्या सुमारे तीन कोटी टन चुऱ्याचे ढीग उभे आहेत. त्यांतही सोने आहे, टनामागे एक ग्रॅमहून कमी. आणि वारा सुटला की त्यांची धूळ घरांत शिरते.