व्यावसायिक भेटी व आतिथ्यखर्च
व्यवसायसंस्थेने सणासुदीस वा अन्य प्रसंगी ग्राहक, पुरवठादार व कर्मचारी यांना दिलेल्या भेटवस्तू, तसेच त्यांच्यासाठी योजिलेले भोजन वा समारंभ यांवरील खर्च. दिवाळीत मिठाई वाटणे, वहीपूजनास ग्राहकांना बोलावणे, कामगारांना भांडी वा वस्त्रे देणे, या भारतीय व्यापारातील जुन्या प्रथा होत. करकायद्याच्या दृष्टीने त्यांतून दोन प्रश्न उद्‌भवतात : देणाऱ्यास हा खर्च नफ्यातून वजा करता येतो काय आणि घेणाऱ्याच्या हाती ते करपात्र उत्पन्न ठरते काय? स्नेहाची भेट आणि भेटीच्या रूपाने दिलेले वेतन, दलाली वा लाच यांतील सीमारेषा आखणे, हे या नियमांचे मुख्य प्रयोजन होय.

वजावट : प्राप्तिकर अधिनियम, १९६१ च्या कलम ३७ नुसार पूर्णतः व केवळ व्यवसायासाठी केलेला महसुली खर्च वजावटीस पात्र असे, मालकाचा घरगुती खर्च त्यात बसत नसे. करमणूक-खर्चावर मात्र स्वतंत्र मर्यादा होती. परगावच्या ग्राहकांना रिवाजानुसार दिलेले साधे जेवण हा करमणूक-खर्च काय, यावर दीर्घकाळ वाद चालला. १९८३ मध्ये पूर्वलक्षी दुरुस्तीने १ एप्रिल १९७६ पासून सर्व प्रकारचे आतिथ्य या संज्ञेत आणले गेले. कर्मचाऱ्यांना कामाच्या ठिकाणी दिलेले अन्न तेवढे वगळले. तत्पूर्वीच्या काळापुरते असे जेवण करमणूक-खर्च नव्हे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने पटेल ब्रदर्स प्रकरणी १९९५ मध्ये दिला. १९९७ च्या वित्त अधिनियमाने ही मर्यादाच रद्द झाली.

कायद्याने निषिद्ध असलेल्या खर्चास वजावट नाही. औषधकंपन्यांकडून भेटी स्वीकारण्यास डॉक्टरांना मनाई आहे. ही मनाई डॉक्टरांपुरती असून कंपन्यांना लागू नाही, हा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये ॲपेक्स लॅबोरेटरीज प्रकरणी फेटाळला.

अनुषंगी लाभ कर : हा कर २००५ ते २००९ या काळात प्रामुख्याने कंपन्या व भागीदारी संस्था यांच्यावर होता. भेटींवरील खर्चाचा ५० टक्के भाग लाभ मानून त्यावर ३० टक्के कर घेतला जाई. म्हणजे १ लाख रु. च्या भेटींवर अधिभार वगळता १५,००० रु. कर पडे. संस्था तोट्यात असली, तरी तो चुकत नसे. हिशेबाची क्लिष्टता व उद्योजकांचा विरोध यांमुळे तो अप्रिय ठरला.

घेणाऱ्याची करदेयता : व्यवसायामुळे मिळालेला लाभ १९६४ पासून व्यवसाय-उत्पन्नात गणला जाऊ लागला, परंतु घेणारे तो क्वचितच दाखवीत. म्हणून १ जुलै २०२२ पासून, वर्षभरात एकाच व्यक्तीस २०,००० रु. हून अधिक मूल्याचे असे लाभ देणाऱ्याने १० टक्के कर उगमस्थानीच कापावा, अशी तरतूद झाली. लहान वैयक्तिक व्यावसायिकांना तीतून वगळले. कर्मचाऱ्यास मिळालेली भेट मात्र वेतनाचा भाग ठरते. १९६२ च्या नियमांत वर्षभरातील ५,००० रु. पेक्षा कमी मूल्याच्या वस्तुरूप भेटी करमुक्त होत्या. रोख रकमेस ही सवलत नव्हती.

वस्तू व सेवा कर : १ जुलै २०१७ पासून लागू झालेल्या या करात भेट म्हणून दिलेल्या मालावरील निविष्टी कराची जमा मिळत नाही. मालकाने कर्मचाऱ्यास वर्षभरात दिलेल्या ५०,००० रु. पर्यंतच्या भेटी ‘पुरवठा’ मानल्या जात नाहीत.

१९६१ च्या अधिनियमाची जागा प्राप्तिकर अधिनियम, २०२५ याने १ एप्रिल २०२६ पासून घेतली. तथापि भेट कोणास, कोणत्या निमित्ताने व किती मूल्याची दिली, याची नोंद ठेवणे पूर्वीइतकेच आवश्यक आहे. कारण खर्च व्यवसायासाठीच झाला, हे सिद्ध करण्याची जबाबदारी करदात्यावरच असते.