लोखंड की सोने?

जुन्या पेढीवरचा सराफ रुपया हाती आला की आधी दगडावर टाकून वाजवून घेई. नाद खणखणीत तर रुपया खरा. बद्द वाजला की परत. जमिनीतला धातू शोधणारे यंत्र मुळात हेच करते. फरक इतकाच की त्याचा रुपया मातीआड असतो, आणि तो वाजवायचा असतो विजेने.

यंत्राच्या टोकाशी तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. त्यातून सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारा प्रवाह सोडला म्हणजे भोवतीचे चुंबकक्षेत्रही तसेच बदलत राहते. त्यायोगे मातीतल्या नाण्यात पाण्यातल्या भोवऱ्यांसारखे प्रवाह फिरू लागतात, आणि त्यांचे क्षीण उत्तर दुसऱ्या वेटोळ्याला ऐकू येते. चांदीच्या जाड नाण्यात हे भोवरे रेंगाळतात, म्हणून उत्तर मागाहून येते. पातळ वर्खात ते चटकन विरतात. लोखंडाची गोष्ट निराळी. ते स्वतःच चुंबक बनून मूळ क्षेत्राच्या तालावर डोलू लागते. उत्तराला किती विलंब झाला हे पाहून यंत्र लोखंडाला खालचा स्वर देते, चांदीला वरचा.

आता कोणी म्हणेल, मग प्रश्नच मिटला! परंतु यंत्राला धातूचे नाव कळत नाही. वस्तूची वाहकता, जाडी आणि आकार यांची गोळाबेरीज तेवढी कळते. सोन्याची नाजूक अंगठी आणि ॲल्युमिनियमचा चुरगळलेला वर्ख त्याच्या लेखी जवळजवळ एकच. लोखंडाचा कलकलाट नको म्हणून गाळणी फार कडक केली, तर बारीक सोनेही मुके होते. उलट लोखंडाचा वायसर, कडी किंवा चपटा पत्रा यांत प्रवाहाला फिरायला ऐसपैस वाट मिळते आणि ही मंडळी खुशाल चांदीच्या सुरात बोलतात. शिवाय खिळ्याशेजारी नाणे पडले असेल तर खिळ्याच्या ओरडण्यात नाण्याचा आवाज बुडून जातो.

यावर जाणत्यांची युक्ती साधी आहे. त्याच जागेवरून यंत्र एकदा पूर्व-पश्चिम, एकदा दक्षिणोत्तर फिरवावे. सपाट पडलेले नाणे दोन्ही वेळा एकच सूर देते. आडवा खिळा एका दिशेने गोड बोलतो, दुसऱ्या दिशेने खरखरतो. खिळ्यांची गर्दी असेल तेथे लहान वेटोळे घ्यावे आणि हात सावकाश चालवावा. घाई करणाऱ्याला या विद्येत काही मिळत नाही.

लोखंडाने पूर्वी मोठा घोटाळा केलेला आहे. १८८१ च्या जुलैत अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांना गोळी लागली. टेलिफोनवाले बेल आपले यंत्र घेऊन त्यांच्या शरीरातली गोळी हुडकायला गेले. त्या यंत्राला धातूधातूंत भेद करता येत नव्हता, आणि गादीत होत्या पोलादी तारा! त्यातून डॉक्टरांनी शोध घेऊ दिला तो उजव्या बाजूचा. गोळी होती डाव्या बाजूस. सप्टेंबरात अध्यक्ष निवर्तले.

आपल्याकडे हौसेने कुदळ उचलण्यापूर्वी १८७८ चा निखात निधीचा कायदा ध्यानात घ्यावा. दहा रुपयांहून अधिक मोलाचे पुरलेले द्रव्य सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास लेखी वर्दी द्यावी लागते. संरक्षित स्थळी तर परवान्यावाचून खणताच येत नाही.

आणि लोखंड म्हणजे कचरा, हे तरी कोणी ठरवले? इंग्लंडात सटन हू येथे १९३९ साली उत्खनन झाले, तेव्हा प्रथम हाती आले ते गंजके लोखंडी रिव्हिट. ते उपटून न फेकता जागच्या जागी ठेवून खणत गेले. लाकूड केव्हाच कुजून गेले होते; पण रिव्हिटांच्या रांगांवरून सुमारे २७ मीटर लांबीच्या जहाजाचा आकार मातीत उमटला. त्याच्या मधल्या दालनात सोन्याचे भारी बक्कल निघाले. तेथलेच, आज ब्रिटिश म्युझियममध्ये लोक थांबून पाहतात ते शिरस्त्राण मात्र मुख्यतः लोखंडाचे आहे. सापडले तेव्हा त्याचे शेकडो तुकडे झालेले होते.